दहाव्या पडद्यावरचा ठिपका

तिनं केस टेबलावर ठेवली आणि म्हणाली,
'मधेच आवाज जातो. बाकी ठीक आहे.'
बाकी म्हणजे एकोणपन्नास वर्षं.

केसची एक कडी गेलेली,
तिथं मासेमारीच्या जाळ्याची दोरी, गाठ कोळ्याची.
आत तू, क्रमांक तीन.
अक्रोडाचं धड, मेपलची मान.
मेपल कुठलं, ते मलाच ठाऊक:
बंद पडलेल्या बोलिंगच्या गल्लीतली फळी,
खिळे चुकवता चुकवता रंध्याची दोन पाती गेली.

चौऱ्याहत्तर साल. अ‍ॅस्टोरिया,
कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथं
वडिलांची होड्यांची शेड, तिचा मागचा कोपरा.
वडील विचारायचे, 'टोइव्हो, हे तरंगणार का?'
मी म्हणायचो, नाही.
मग ते पुन्हा डांबर तापवायला जायचे.

तोवर मी फक्त मँडोलिनं केलेली, सतरा.
बेस गिटार पाहिली होती पोर्टलंडला
दुकानाच्या काचेतून, दोनदा.
दुसऱ्यांदा पट्टी घेऊन गेलो, तर मालकानं हाकललं.
पिकअपची तार गुंडाळली आईच्या शिवणयंत्रावर,
वेढे मोजत. चार हजारांच्या पुढं कुठंतरी
आईनं जेवायला हाक मारली.
पुढचे वेढे अंदाजे.

आणि तो ठिपका.
मँडोलिनला तो दहाव्या पडद्यावर असतो,
बेसला नवव्या.
हे सगळ्यांना ठाऊक होतं,
माझ्या हाताला नव्हतं.
शिंपला कापला, भोक पाडलं, सरस भरला,
अंगठ्यानं दाबून धरला दोनशे मोजेपर्यंत,
आणि त्या रात्री मला
फार चांगली झोप लागली.

चूक कळली तेव्हा तू गेली होतीस.
सिग्रिड ट्वेट, वय एकवीस,
मासळीच्या कारखान्यात डबे बंद करणारी.
साठ डॉलर रोख,
उरलेल्याचा दर शुक्रवारी एक सॅल्मन, धुरावलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
मला सांगता आलं असतं
पहिल्याच शुक्रवारी.
मासा चांगला होता.

चार, पाच, सहा नंबर मी परत मागवून बुजवले.
सातपासून ठिपका जागेवर आला,
लोक मला कारागीर म्हणू लागले.
एक नंबर शेडबरोबर जळाली. दोनचा पत्ता नाही.

तुझ्या खांद्यावरचं पॉलिश तिच्या कोपरानं नेलंय,
खाली लाकूड उघडं, कातडीसारखं मऊ.
शनिवारचे नाच फिनिश लोकांच्या हॉलमध्ये,
लग्नं, नंतर त्याच जोडप्यांची दफनं,
कारखाना बंद झाला त्या रात्री, ती म्हणते,
चार तास कुणी घरीच जाईना.

जॅक सैल होता. एवढंच.
डाग देताना माझा हात हलला, तिनं दिवा धरला.
तेव्हा मी म्हणालो, 'तो ठिपकाही नीट करून देतो. फुकट.'
'कुठला?'
मी बोट ठेवलं.
तिनं बघितलं, बराच वेळ, चष्मा वर करून.
'मला वाटायचं, बाकीच्यांचे चुकलेत.'
मग सांगितलं, सीसाइडला एकदा
दुसऱ्याची बेस हाती घेतली आणि रात्रभर
तो एक सूर अर्धा खाली लागत राहिला,
तिनं दोष ढोलवाल्याला दिला.
सांगता सांगता तुला तिनं
माझ्या बाजूनं आपल्या बाजूला ओढून घेतलं.
जोरात नाही. ताटावरून मांजर सारावं तसं.

ती गाडी पुढं घ्यायला गेली.
मी तुला जोडलं, मांडीवर घेतलं.
वजन तेच. तेव्हाही जास्तच होतं.
जुना पोल्का, वडिलांचा आवडता,
दोन ओळी बऱ्या गेल्या,
तिसरीला नजर ठिपक्यावर, बोट ठिपक्यावर,
आणि सूर पायरी चुकल्यासारखा
वरच पडला.

मी पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच.

'दहावा आहे तो,' दारातून सिग्रिड म्हणाली,
पाकीट उघडत. 'किती झाले?'
चार डॉलर, जॅकचे.
तिच्याकडे सुटे नव्हते.